अमेरिकेतले टिपणीस

डॉक्टर सबनीसांचा मला हेवा वाटायचा, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे एखादं वाक्य माझ्या हातून तिरकं गेलं, तर वाचणाऱ्याला कारण ठाऊक असेल. ते कॉव्हेंट्रीच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होते आणि माझे यजमान तिथेच हाडांचे डॉक्टर. एकाने माणसाला झोपवायचं आणि दुसऱ्याने ठोकाठोक करायची, असा त्यांचा व्यवहार. पण माझ्या हेव्याचा हॉस्पिटलशी संबंध नव्हता. हा माणूस तोंडावरची रेष हलू न देता खोलीभर माणसांना हसवायचा. मला विनोद सांगताना आधी हसू येतं आणि मग शेवट आठवत नाही.

मी तेव्हा गावातल्या लायब्ररीत काउंटरवर काम करत असे. एका शनिवारी करड्या कार्डिगनमधले एक गृहस्थ दोन व्हिडिओ टेप घेऊन आले आणि माझी वरिष्ठ पॅट हिच्यासमोर उभे राहिले. एक टेप इथल्या एका विनोदी मालिकेची होती, दुसरी तिच्यावरून अमेरिकेत बनवलेल्या मालिकेची. अत्यंत गंभीर चेहऱ्याने ते इंग्रजीत म्हणाले, "माझी एक तक्रार आहे. या दोन्ही तुम्ही कॉमेडीच्या शेल्फवर ठेवल्यात. पहिली ठीक आहे. दुसरी हेल्थ अँड वेलबीइंगमध्ये हवी. ती पाहून माणसाला फार बरं वाटतं."

पॅट हसली. चष्मा काढून डोळे पुसण्याइतकी हसली. या पॅटला हसवण्यासाठी मी वर्षभर जिवाचं रान केलं होतं आणि तिच्याकडून मला फक्त 'लव्हली' एवढंच मिळालं होतं. सबनीसांनी माझ्या बॅजकडे पाहिलं आणि मराठीत म्हणाले, "लेले म्हणजे आमच्या ऑर्थोपेडिकच्या लेल्यांच्या का तुम्ही? रविवारी दुपारी घरी या दोघं. दोन्ही टेप एकापाठोपाठ एक दाखवतो, मग तुम्हीच शेल्फ ठरवा."

महिन्यातल्या एका रविवारी सबनीसांच्या घरी 'तुलना' असे. हा त्यांचाच शब्द. चार-पाच मराठी कुटुंबं जमत, मिल्टन कीन्सहून आयटीतली दोन-तीन अविवाहित मुलं गाडी हाकत येत. ही मुलं तुलनेसाठी येत की सबनीसांच्या पत्नी शैलावहिनींच्या साबुदाण्याच्या खिचडीसाठी, हे विचारायची गरज नव्हती. आधी ब्रिटिश मालिकेचा भाग, मग चहा, मग त्यावरून बेतलेला अमेरिकन भाग, आणि शेवटी सबनीसांचा निकाल. मधला चहा सक्तीचा. "पहिली भूल उतरल्याशिवाय दुसरी देत नाहीत," असं ते म्हणायचे.

अमेरिकन माल शैलावहिनींचा शिकागोचा भाऊ पाठवायचा. पुढे टेप जाऊन डिस्क आल्या तेव्हा पंचाईत झाली, कारण अमेरिकन डिस्क इथल्या प्लेअरवर चालत नसे. कंपन्यांनी तशी सोयच करून ठेवलेली असते. सबनीसांनी कुणाकडून तरी शिकून रिमोटवर काही आकडे दाबले आणि आपल्या प्लेअरचं कुलूप काढलं. मोकळ्या रस्त्यावरही सिग्नलला थांबणाऱ्या या माणसाने आयुष्यात केलेली तेवढी एकच लबाडी असावी.

बघताना ते स्वतः हसत नसत. खुर्चीच्या कडेला बसत, आणि एखादी जागा जमली की उजव्या पायाचा अंगठा मोज्यात वर-खाली होई. आम्ही पडद्याकडे कमी आणि त्या मोज्याकडे जास्त बघायचो. अमेरिकन भाग सुरू झाला की अंगठा गप्प.

एक मालिका मला चांगली आठवते. एका चिडखोर ड्रायव्हिंग शिक्षकाची होती. इथल्या मालिकेच्या शेवटी तो आपल्याच बायकोला गाडी शिकवायला जातो, ती त्याला भर चौकात उतरवून निघून जाते, आणि तो राउंडअबाउटच्या मधल्या गवतावर बसून सँडविच खातो. एवढंच. अमेरिकन मालिकेत बायको पुढून वळून परत येते, मागच्या सीटवरून कुत्रा उडी मारतो, सगळे हसतात. टीव्ही बंद करून सबनीस म्हणाले, "अमेरिकन माणसाला टीव्हीतल्या माणसाला एकटं सोडून झोपायला जाता येत नाही. इंग्रज त्याला एकटं सोडतो, आणि जाताना दिवासुद्धा मालवतो."

मिल्टन कीन्सच्या एका मुलाने विचारलं, "पण काका, मला अमेरिकनच आवडलं. त्यात वाईट काय?"

"वाईट काहीच नाही. त्यांचे दातही चांगले आहेत."

दात हा त्यांचा ठरलेला मुद्दा. इथल्या मालिकेतल्या माणसाचे दात वाकडे असतात, तिकडे गेला की सरळ होतात. इथे तो सहा भाग त्रासतो आणि मालिका संपते, तिकडे वर्षानुवर्षं सुधारत राहतो. अमेरिकेचा त्यांना राग होता असं मला वाटत नाही. मला असूया ओळखता येते, घरचीच आहे. एकदा मला म्हणाले, "इथला लेखक सहा भाग लिहून घरी चहा पीत बसतो. तिकडची नक्कल जगभर चालते. मग लोक याला विचारतात, तुम्ही हे कुणावरून घेतलंत?"

आता टिपणीस. आमच्या मंडळाचा गणेशोत्सव शाळेच्या हॉलमध्ये होई, कौन्सिलकडून हॉल मिळेल त्या शनिवारी. त्यात करमणुकीचा अर्धा तास असे. मी एक दोन अंकी गंभीर नाटक लिहिलं होतं, परदेशी आलेल्या बाईच्या एकटेपणाचं. कमिटीने ते वाचलं, 'फारच खोल आहे' म्हणून कौतुक केलं आणि पुढच्या वर्षी बघू म्हणाली. त्याच बैठकीत सबनीसांनी एक अर्ध्या तासाचा तुकडा वाचून दाखवला. टिपणीस नावाचे निवृत्त मराठी डॉक्टर, कॉव्हेंट्रीतलं, एक भिंत शेजाऱ्याशी सामायिक असलेलं सेमी-डिटॅच्ड घर, शेजारच्या इंग्रजाशी हेजच्या, म्हणजे मधल्या झुडपांच्या कुंपणाच्या उंचीवरून भांडण. कुणी 'कसे आहात' विचारलं की टिपणीस म्हणत, "तसं बरं आहे." बायको आजारी असो की गाडी चोरीला गेलेली असो, तसं बरं आहे. कमिटी हसून खुर्च्यांवरून खाली पडायची राहिली.

दर वर्षी एक भाग, असे सहा भाग झाले. टिपणीस अर्थात सबनीस स्वतः. त्यांची मुलगी ऋता नाटकातही त्यांची मुलगी व्हायची. पहिल्या भागात ती शाळेच्या युनिफॉर्ममध्ये होती, शेवटच्या भागापर्यंत लंडनला नोकरीला लागलेली होती. मला टिपणीसांच्या बायकोचं काम दिलं होतं. त्यात मुख्यतः चहा आणायचा आणि "अहो, पुरे" म्हणायचं. तालमीत मी एक वाक्य स्वतःचं घातलं की सबनीस अतिशय नम्रपणे ते काढत. "वसुधाबाई, छान आहे. पण तुम्ही नुसतं बघितलंत तरी होईल." आणि खरंच व्हायचं, हा त्यातला जास्त त्रासाचा भाग.

पडदा पडला की विंगेत टिपणीसांची टोपी काढत ते मला न चुकता विचारत, "कसं झालं?"

"थोडं लांबलं," मी म्हणे.

ते मान डोलावत. बाहेर टाळ्या चाललेल्या असत. एवढ्या टाळ्यांत माझं मत कशाला हवं होतं त्यांना, हे मला कळायचं नाही, आणि मीही दुसरं उत्तर दिलं नाही.

टिपणीस मुलीशी एकाच विषयावर बोलतात. गुरुवारी बागेच्या कचऱ्याचा ब्राउन बिन रस्त्यावर काढून ठेवायचं काम मुलीचं. परीक्षा असो, वाढदिवस असो, तिचं कुणाशी भांडण होऊन ती रडत घरी आलेली असो, टिपणीस विचारतात, "बिन काढलास का?" प्रत्येक भागात या वाक्याला हशा. सहाव्या भागात मुलगी लग्न करून परदेशी निघते. बॅग दाराशी. टिपणीस तिच्याकडे न बघता खिडकीतून हेजकडे बघत उभे. ती म्हणते, "बाबा, मी निघते." टिपणीस म्हणतात, "बरं. गुरुवारचा बिन मी काढीन." ती जाते. टिपणीस बिन ओढत स्टेजच्या पुढे येतात, तो सरळ करतात, त्याच्याशेजारी उभे राहतात, आणि दिवे जातात.

हॉलमध्ये अर्ध्या लोकांनी सवयीने हसायला सुरुवात केली आणि ती मध्येच थांबली. त्या वर्षीसुद्धा मी थोडं लांबलं म्हटलं.

नाटक लिहिलं तेव्हा ऋताचं लग्न ठरलेलं होतं. मुलगा निखिल, न्यू जर्सीतला, लंडनला कामासाठी आलेला असताना ओळख झालेली. गणपतीनंतर थोड्याच दिवसांत लग्न झालं आणि ती निघाली. हीथ्रोला सोडायला आम्हीच गेलो, कारण सबनीस हॉस्पिटलात ऑन-कॉल ड्यूटीवर होते. पुढे माझ्या यजमानांकडून कळलं की तो ऑन-कॉल त्यांचा नव्हताच, एका सहकाऱ्याचा मागून घेतलेला होता. गाडीत शैलावहिनी पुढे बसल्या होत्या, ऋता माझ्याशेजारी मागे. मोटरवेला लागल्यावर ती हळूच म्हणाली, "काकू, प्लेमध्ये ॲट लीस्ट बाबा घरी तरी होता."

मी तिचा हात धरला.

सातवा भाग लिहा म्हणून मंडळ मागे लागलं. सबनीस म्हणाले, "सहा झाले. इथली पद्धत सहाची." मला वाटलं, आता तरी माझ्या नाटकाकडे कमिटीचं लक्ष जाईल. त्या वर्षी कमिटीने जादूगार आणला.

दुसऱ्या वर्षीची गोष्ट. मी डबा परत द्यायला सबनीसांकडे गेले होते. फोन स्पीकरवर होता आणि पलीकडून ऋता बोलत होती. "बाबा, इथल्या मंडळाला तुझा टिपणीस करायचा आहे. लास्टवाला पार्ट. पण थोडा ॲडॅप्ट करायला लागेल. इथे लोकांना तसा एंड नाही चालत."

सबनीस कपाच्या कानाशी खेळत होते. "थोडा म्हणजे किती?"

"थोडाच. मी करते ना स्क्रिप्ट. आणि टिपणीसचा रोल पप्पा करणार."

"कुठले पप्पा?"

"निखिलचे. दिलीप-पप्पा. ही इज सो गुड, बाबा. मी मुलगीच आहे, सेम."

इतकी वर्षं ज्या गोष्टीचा रविवारी दुपारी निकाल दिला, ती चालत घरात आली होती, आणि आणणारी पोटची मुलगी होती. "करा," सबनीस म्हणाले. "फक्त माझं नाव घालू नका."

त्यांनी नाव घातलं नाही. मुलं आज्ञाधारक निघाली की असं होतं. डिस्क आली तिच्यावर छापलं होतं, 'मूळ कल्पना: कॉव्हेंट्री, इंग्लंड'.

त्या रविवारी आम्ही सगळे जमलो. सबनीसांनी नेहमीसारखी तुलना मांडली. आधी शाळेच्या हॉलमध्ये कुणीतरी हलत्या हाताने घेतलेलं आमचं नाटक, त्यात मी चहा आणतेय. मग चहा. मग रिमोटवर आकडे दाबून न्यू जर्सी.

थिएटर खरं होतं, खुर्च्या मखमली होत्या. अर्ध्या तासाचे दोन तास झाले होते आणि मध्ये जेवण होतं. सेमी-डिटॅच्ड घराला तळघर आलं होतं. हेज जाऊन शेजाऱ्याचं पानं उडवायचं मशीन आलं होतं आणि भांडण संपून दोघं बार्बेक्यू करत होते. टिपणीसांच्या बायकोला नोकरी होती, गाणं होतं आणि अगणित वाक्यं होती. ती मी मोजत बसले नाही, पण जीव जळला. आणि टिपणीस 'तसं बरं आहे' म्हणत नव्हते. ते म्हणत होते, "एकदम फर्स्ट क्लास."

दिलीपराव उंच, गोरे, भरघोस केसांचे. दात अर्थातच सरळ. त्यांना कामही उत्तम येत होतं, हे कबूल करायला हवं. शेवटी ऋता बॅग घेऊन दाराशी आली. "बाबा, मी निघते." दिलीपराव खिडकीशी होते. ते वळले, बिन तिथेच लोटून दिला आणि हात पसरून पुढे आले. म्हणाले, "बाळा, तुझ्याशिवाय हे घर रिकामं आहे गं. माझं तुझ्यावर फार प्रेम आहे. मला कधी बोलता आलं नाही, एवढंच." त्यांनी तिला मिठीत घेतलं. ती रडायला लागली. सहा वर्षं मी तिच्याबरोबर स्टेजवर होते, तिचं खोटं रडणं मला पाठ आहे. हे ते नव्हतं.

पडद्यावर लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मिल्टन कीन्सच्या मुलाने नाक शिंकरलं. माझेही डोळे भरले होते आणि त्याचा मला रागही आला होता. शैलावहिनी उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि नळ सोडल्याचा आवाज आला. मी सबनीसांच्या मोज्याकडे पाहिलं. त्यांनी पाय खुर्चीखाली घेतले होते.

निकालासाठी सगळे थांबले. रिमोट टेबलावर ठेवून ते म्हणाले, "दिलीपरावांचे दात फार चांगले आहेत."

कुणी हसलं नाही. त्यांचा विनोद पडलेला मी पहिल्यांदा पाहत होते. या क्षणाची मी किती वर्षं वाट बघितली होती, आणि तो आला तेव्हा मला खिडकीबाहेर बघावंसं वाटलं. मुलीने स्वतःच्या हाताने जो बाप लिहिला होता, तो आत्ता दुसऱ्याच माणसाने तिला दिला होता, आणि ते आपल्यासमोर घडलं होतं, हे त्या खोलीत सगळ्यांना कळलं होतं.

त्यानंतर तुलना बंद झाली. जर्सीवाले मात्र थांबले नाहीत. त्यांनी सातवा भाग केला, त्यात टिपणीस क्रूझवर जातात. मग आठवा. फोनवर सबनीस ऋताला हवापाणी विचारून झालं की सहज विचारत, "तुझे सासरे काय म्हणतात? मारतात का अजून मिठ्या?" आणि उत्तर आलं की दिवसभर घुश्शात. ते डेंटिस्टकडे जाऊन दात पांढरे करून घेण्याची चौकशी करून आले, हे मला शैलावहिनींनी सांगितलं. एका संध्याकाळी जेवता जेवता त्यांनी बायकोला विचारलं म्हणे, "मी तुला कधी मिठीबिठी मारलीच नाही का गं?"

"मारलीत की," वहिनी म्हणाल्या. "लग्नात. फोटोग्राफरने सांगितलं तेव्हा."

हे सांगताना वहिनी हसल्या, मीही हसले. पण मग त्या म्हणाल्या, "वसुधा, ह्यांना तिला फोन करून काहीतरी म्हणायचंय गं. रोज रिसीव्हरपर्यंत जातात. मग मला विचारतात, तिकडे आत्ता किती वाजलेत."

पुढच्या उन्हाळ्यात ऋता आली. कडेवर मुलगी होती, बरोबर निखिल, आणि बरोबर दिलीपराव. त्यांना म्हणे टिपणीसांचं गाव बघायचं होतं. मंडळाची पिकनिक होती, तिथे त्यांनी गाडीतून उतरताच सबनीसांना कवेत घेतलं. "ओरिजिनल," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हे आमचे ओरिजिनल." सबनीसांचे दोन्ही हात कार्डिगनच्या बाजूंना सरळ खाली राहिले. मग मंडळाने दिलीपरावांना घेरलं. फोटो काढले, दोन-तीन वाक्यं म्हणायला लावली. ज्यांना मी इतकी वर्षं पोहे वाढले, ती माणसं 'एकदम फर्स्ट क्लास'वर हसून लोळत होती.

सबनीस आणि मी वाढपाच्या टेबलाशी कागदी प्लेट्स मांडत होतो. दोन मत्सरी माणसं एका पातेल्याशी. प्लेट्सची चळत सरळ करत त्यांनी विचारलं, "वसुधाबाई, तुमच्या त्या दोन अंकी नाटकाचं काय झालं?"

"ड्रॉवरमध्ये आहे."

"बरं आहे. तिथे कुणी शेवट बदलणार नाही."

"बदलू देत," मी म्हटलं. "कुणीतरी करू तर देत."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मला वाटलं आता काहीतरी बोचरं बोलणार. ते म्हणाले, "हो. तेही खरंच." आणि लिंबं चिरायला घेतली. मला त्यांच्या सोबतीत कधी इतकं बरं वाटलं नव्हतं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते ही मंडळी परत निघाली त्या दिवशी. आम्हाला कार्डिफला जायचं होतं, माझ्या यजमानांची तिथे बदली झाली होती, घरात खोकी भरून ठेवलेली. सामान एका गाडीत मावेना म्हणून आम्हीही कोच स्टेशनवर गेलो. सकाळची वेळ, हीथ्रोची कोच लागलेली, ड्रायव्हर बॅगा तिच्या पोटात ढकलत होता. सबनीस आले होते. त्या दिवशी त्यांनी कुणाचा ऑन-कॉल मागून घेतला नव्हता. कार्डिगनऐवजी कोट घातला होता आणि केस ओले करून बसवले होते.

दिलीपरावांनी सगळ्यांना मिठ्या मारल्या. माझ्या यजमानांना, मला, शैलावहिनींना, चुकून रांगेतल्या एका पंजाबी आजींनाही. निखिल मुलीला घेऊन कोचमध्ये चढला. ऋता शेवटी राहिली. "बाबा, मी निघते," ती म्हणाली.

नाटकातलंच वाक्य होतं. ती मुद्दाम म्हणाली की तिच्या तोंडून आपसूक गेलं, मला माहीत नाही. सबनीस एक पाऊल पुढे आले. त्यांनी हात पसरले. थोडे पसरले, मग आणखी थोडे, कोटाच्या बाह्या वर गेल्या. घसा खाकरून ते म्हणाले, "ऋता. बाळा, तुझ्याशिवाय हे घर..."

शब्द बरोबर होते. पाठ केलेले होते. डिस्क किती वेळा लावली असेल, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

ऋताने मान हलवली. हसत होती आणि हनुवटी थरथरत होती. "नको, बाबा. ते पप्पांचा डायलॉग आहे."

हात तसेच अर्धवट राहिले. ड्रायव्हरने घड्याळाकडे पाहिलं. शैलावहिनींनी माझा दंड घट्ट धरला. सबनीस म्हणाले, "मग माझा कुठला?"

"तुला माहितीये."

ते तिच्याकडे बघत राहिले. नाटकात टिपणीस खिडकीबाहेर बघतात. इथे ते तिच्याकडेच बघत होते.

"बरं," ते म्हणाले. "गुरुवारचा बिन मी काढीन."

ती येऊन त्यांच्या कोटावर कोसळली. न्यू जर्सीच्या रंगमंचावर रडली होती त्याहून वाईट रडली, आवाज करून, नाक गळेपर्यंत. आणि सबनीसांचे ते अर्धवट पसरलेले हात तिच्या पाठीवर आले आणि तिथे राहिले. त्यांच्याही गालांवरून पाणी ओघळत होतं आणि चेहऱ्याची रेष मात्र हलत नव्हती. कोचच्या पायरीवर दिलीपराव रुमाल शोधत होते. "निखिल," ते आत वळून म्हणाले, "हे आपण का काढलं रे? हे ठेवायला हवं होतं." त्यांच्या आवाजातली असूया मला लगेच ओळखू आली.

मलाही तेच होत होतं. माझा मुलगा मँचेस्टरला शिकायला गेला तेव्हा कानात गाणी घालून, हात हलवून गेला होता. मी डब्याची आठवण करून दिली होती. आमच्या घरात कुणी असं वाक्य लिहून ठेवलं नव्हतं.

कोच मागे सरकली, वळली, रिंग रोडच्या दिशेने गेली. शैलावहिनी आणि यजमान गाडीकडे निघाले. सबनीस कोचच्या रिकाम्या थांब्याजवळ उभे होते. कोटाच्या छातीवर ऋताच्या डोळ्यांतलं काजळ लागलं होतं. ते त्यांनी पाहिलं आणि पुसलं नाही. मग त्यांना मी दिसले.

"वसुधाबाई," त्यांनी विचारलं, "कसं झालं?"

"लवकर संपलं," मी म्हटलं.